पूर्ववत करणारी क्रियापदे

दुरावलेल्यांना एकत्र आणणे, मोडलेले पूर्ववत करणे आणि वैर मिटवणे यांसाठी लॅटिन भाषेत जी क्रियापदे आहेत, त्यांतील अनेकांच्या आरंभी ‘पुन्हा’ किंवा ‘मागे’ असा अर्थ देणारा ‘रे’ हा उपसर्ग आढळतो. तथापि त्यांचे कार्यक्षेत्र एक नाही. ‘रेस्तितुएरे’ म्हणजे वस्तू, पद किंवा हक्क मूळ जागी पुन्हा प्रस्थापित करणे. ‘रेदिन्तेग्रारे’ म्हणजे खंडित झालेले अखंड करणे. आणि ‘रेकोन्किलिआरे’ म्हणजे तुटलेल्या माणसांना पुन्हा एकमेकांकडे वळवणे. या शेवटच्या क्रियापदातील ‘कोन्किलिआरे’ या अंशाचा संबंध व्हॅरो या इ.स.पू. पहिल्या शतकातील पंडिताने कापड दाबून घट्ट करणाऱ्या कारागिराच्या कामाशी जोडला होता. व्युत्पत्ती म्हणून ती संशयास्पद असली, तरी समेटात कोणाचा तरी दाब असतो ही त्यातील सूचना रोमच्या राजकारणाला चपखल लागू पडते.

रोमन कायद्याने यांपैकी पहिल्या क्रियापदावर एक संपूर्ण उपाययोजना उभारली. धाकदपटशाने किंवा कपटाने एखादा व्यवहार घडला असेल, अथवा पंचवीस वर्षांखालील व्यक्तीचे अननुभवामुळे नुकसान झाले असेल, तर प्रेटर, म्हणजे न्यायदानाची व्यवस्था पाहणारा अधिकारी, ‘इन इन्तेग्रुम रेस्तितुतिओ’ देऊ शकत असे. म्हणजे तो व्यवहार जणू घडलाच नव्हता असे मानून पक्षकारांना पूर्वस्थितीत आणत असे. या ‘जणू’मध्ये कायद्याचे सामर्थ्य आहे आणि त्याची मर्यादाही आहे, कारण मालकी आणि हक्क अशा रीतीने मागे नेता येतात, परंतु ज्याच्यावर अन्याय झाला त्याची स्मृती प्रेटरच्या अधिकारकक्षेत येत नाही.

रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो याच्या आयुष्यात ही मर्यादा विलक्षण स्पष्टपणे दिसते. इ.स.पू. 63 मध्ये कॉन्सल या सर्वोच्च पदावर असताना त्याने सत्ता बळकावू पाहणाऱ्या कॅटिलिनाच्या कटातील नागरिकांना खटल्याविना देहदंड दिला होता, आणि त्याचाच आधार घेऊन क्लोडियस या ट्रिब्यूनने, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधीने, इ.स.पू. 58 मध्ये त्याला देशोधडीला लावले, पॅलेटाइन टेकडीवरील त्याचे घर पाडले आणि त्या जागेवर स्वातंत्र्यदेवतेचे स्थान उभारले. पुढच्याच वर्षी 4 ऑगस्टला लोकसभेने त्याला परत बोलावण्याचा कायदा केला आणि 4 सप्टेंबरला तो रोममध्ये आला. घराच्या बांधकामापोटी वीस लाख, टस्क्युलमच्या वाड्यापोटी पाच लाख आणि फॉर्मिएच्या वाड्यापोटी अडीच लाख सेस्टर्स अशी भरपाई ठरली, जी त्याला, विशेषतः वाड्यांच्या बाबतीत, फारच तुटपुंजी वाटली. ‘रेस्तितुएरे’चे काम येथे झाले, परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये क्लोडियसच्या माणसांनी त्या घराचे बांधकाम करणाऱ्यांना सशस्त्र हल्ला करून पिटाळून लावले.

समेटासाठी रोमन माणूस एक वेगळा वाक्प्रयोग करी: ‘इन ग्रातिआम रेदिरे’, म्हणजे ‘ग्रातिआ’मध्ये परतणे, आणि तिसऱ्याने दोघांना तसे परत आणले तर ‘रेदुकेरे’. ‘ग्रातिआ’ म्हणजे स्नेह असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, कारण तीत उपकार, त्याची परतफेड आणि लोकांसमोर राखायचा सलोखा हे सारे येते. आपल्याकडील राजकीय वार्तांतील ‘मनोमीलन’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. सिसेरोने ज्याच्यावर भर न्यायालयात तोंडसुख घेतले होते, त्या वॅटिनियसशी पॉम्पीने त्याचा समेट घडवला आणि इ.स.पू. 54 मध्ये सीझरच्या आग्रहावरून सिसेरोने त्याचे वकीलपत्र घेतले. ज्या गॅबिनियसने कॉन्सल असताना सिसेरोच्या हद्दपारीला हातभार लावला होता, त्याचाही बचाव त्याच वर्षी त्याला करावा लागला. याला केवळ ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल, कारण परतलेला माणूस ज्यांच्या बळावर परततो त्यांचा ऋणी होतो, आणि ते ऋण बहुधा शत्रूंशी हात मिळवूनच फेडावे लागते.

सिसेरोला परत आणण्यासाठी कॉन्सल या नात्याने झटलेला लेंटुलस तेव्हा सिलिशिया प्रांताचा कारभार पाहत होता, आणि वॅटिनियसचा बचाव कशासाठी केला, असे त्याने विचारलेच. सिसेरोने दिलेले उत्तर त्याच्या सर्वांत दीर्घ पत्रांपैकी एक आहे. त्यात पॉम्पी आणि सीझर यांचा राजकीय भागीदार क्रॅसस याच्याशी झालेल्या समेटाचीही हकीकत येते: आपला समेट साऱ्या रोमला दिसावा म्हणून क्रॅससने आपल्या प्रांताकडे निघण्यापूर्वी सिसेरोच्या जावयाच्या बागेत त्याच्याबरोबर भोजन केले, जणू सिसेरोच्या घरूनच तो मोहिमेवर निघाला. क्रॅससच्या त्याच प्रस्थानाविषयी सिसेरोने ॲटिकस या जिवलग मित्राला या पत्राच्या वर्षभर आधी, इ.स.पू. 55 च्या नोव्हेंबरमध्ये, लिहिले होते. तेथे बागेतल्या भोजनाचा मान राखलेला नाही, आणि क्रॅससला सरळ नालायक म्हटले आहे.