वरची चकाकी आणि आतला चरा



वेदान्तशास्त्राने मायेच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत. एक आवरण आणि दुसरी विक्षेप. आहे ते झाकणे हे आवरणाचे काम, आणि नाही ते दाखविणे हे विक्षेपाचे. अंधारात पडलेली दोरी दिसत नाही, हे आवरण. आणि तिच्या जागी सर्प दिसतो, हा विक्षेप. पाठशाळेत हे शिकताना विद्यार्थ्याला वाटते, की ही फार दूरची, पोथीतली गोष्ट आहे. परंतु तसे नाही. यवतमाळच्या कोणत्याही गॅरेजात जाऊन पाहा. या दोन्ही शक्ती तेथे एका डबीत नि एका फडक्यात भरून ठेवलेल्या दिसतील. जुन्या मोटारीच्या दारावर चरा गेलेला असतो. डबीतले पॉलिश फडक्यावर घेऊन घासले, की चरा दिसेनासा होतो, हे आवरण. आणि दहा वर्षांची गाडी दोन वर्षांची भासू लागते, हा विक्षेप.

मागे एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक तरुण पाया पडून हळूच म्हणाला, "महाराज, मले माही जुनी गाडी इकाची हाय. गिऱ्हाईक याच्या आंधी पालिश मारून घेऊ म्हनतो. पाप तं नाही लागत?" त्याचा सोबती हसून म्हणाला, "काहून विचारतं बे महाराजाले! सारेच मारतात." लोकही हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हे. ज्याला असा प्रश्न पडतो, त्याच्या अंतःकरणात अजून दिवा तेवतो आहे असे समजावे.

ही जुनी गाडी घेतो कोण, ते आधी पाहा. मोठा शेठ नवीच घेतो. जुनी घेणारा म्हणजे समजा एक कोरडवाहू शेतकरी. कापसाचे चार पैसे आले, घरधनिणीची पोत गहाण टाकली, आणि मुलाला म्हणाला, "बापू, गाडी घे, वणी-पांढरकवड्याच्या सवाऱ्या ने, पोट भर." तो बिचारा गाडीभोवती एक फेरी घालतो. एमएच २९ ची पाटी, चकचकीत दार, त्यात त्याला स्वतःचे तोंड दिसते आणि तो भुलतो. झाकलेला दोष नुसता ओरखडा असेल तर त्याचे काही हजार गेले. पण रंगाखाली अपघातात वाकलेला आणि जोड देऊन सरळ केलेला सांगाडा असेल, तर उद्या तुळजापूर-नागपूरच्या हमरस्त्यावर त्याच गाडीत बसलेल्या आठ-दहा जिवांचा प्रश्न आहे.

मग पॉलिश करणेच पाप काय? नाही. पोळ्याचा सण घ्या. आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतो, दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवतो, बेगड लावतो, अंगावर झूल घालतो. ती शोभा प्रेमाची आहे. तोच बैल बाजारात नेताना दुखऱ्या खांद्यावर जाड झूल मुद्दाम टाकून ठेवली, तर झूल तीच, पण कर्म बदलले. घरची गाडी धुवावी, पुसावी, चमकवावी. विकताना देखील धुऊन पुसून उभी करावी. स्वच्छतेला शास्त्राने कोठेच दोष दिलेला नाही. प्रश्न एवढाच, की तुझ्या हातून मळ निघतो आहे, की सत्य झाकले जाते आहे?

आता याचे तंत्र थोडके सांगतो, कारण धर्मनिर्णयाला वस्तुज्ञान लागते. मोटारीच्या पत्र्यावर आधी अस्तराचा रंग असतो, त्यावर मूळ रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक थर. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, आणि वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे तो वरचा थर आपल्या डोक्याच्या केसाहूनही बहुधा पातळ. ओरखडा त्या थरातच असेल, तर बारीक खरवडणारे पॉलिश भोवतीचा भाग घासून त्याच्या तळाशी आणते आणि ओरखडा खरोखर जातो. ही खरी मार्जना. मात्र तिला मर्यादा आहे, कारण दर घासणीला थर झिजतो. आणि आपल्याकडे वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्या उन्हापासून रंगाला राखणारा थर तोच. दुसऱ्या प्रकारचे पॉलिश घासत नाही, भरते. तेल आणि मेण चऱ्यात जाऊन बसते, उजेड सारखा परततो आणि डोळा फसतो. काही धुण्यांत ते निघून जाते आणि चरा जसाच्या तसा वर येतो. आणि चरा अस्तरापर्यंत, पत्र्यापर्यंत गेला असेल तर घासण्याचा इलाजच नाही. तेथे लोखंडाला गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून आतून रंगाला फोड येतात. वरून कितीही चमकवा, आतली क्रिया थांबत नाही.

आपल्या वऱ्हाडाला हा खेळ नवा नाही. कापसात सरकी, माती मिसळणे, वजन वाढावे म्हणून पाणी शिंपडणे हे इतके माजले होते, की मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. आज कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदी नाही, हा नियम शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. गाडीतला ओलावा मोजताना व्यापारी काटा मारील की काय, म्हणून ज्याचा जीव खालीवर होतो, त्यानेच आपली मोटार विकताना पॉलिशची डबी उघडावी, हे शोभते काय?

आपले जुने व्यवहारशास्त्र या बाबतीत फार सावध होते. याज्ञवल्क्यस्मृतीने घेतलेला माल पारखून पाहण्याची मुदत घालून दिली आहे: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नाला सात, बियाण्याला दहा. ज्याचा दोष जेव्हा उघडा पडतो, तेवढा अवकाश दिला. आणि नारदस्मृती म्हणते, की निर्दोष दाखवून जो सदोष देतो, त्याच्याकडून मूल्याच्या दुप्पट वसूल करावे, शिवाय दंड निराळा.

आजचा कायदाही पाहण्यासारखा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील १७ वे कलम सांगते, की ठाऊक असलेली गोष्ट खटपट करून लपविणे ही फसवणूक होय. नुसते गप्प बसणे मात्र एरवी फसवणूक ठरत नाही. त्याच कलमाखाली घोड्याचे दृष्टान्त दिले आहेत. एक मनुष्य लिलावात दोषी घोडा विकतो आणि काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर? कायदा म्हणतो, की नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. आणि घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटले नाही, तर मी घोडा धड आहे असे धरतो," आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच.

सज्जनहो, येथे जरा थांबा. परक्यापाशी मौन चालेल, मुलीपाशी चालणार नाही, असे कायदा म्हणतो. कायद्याने परका आणि आपला असा भेद केला, तो त्याच्या जागी ठीक आहे. पण वारकऱ्याला परका सापडावा कोठे? आपण तर वाटेत भेटेल त्याला माउली म्हणतो, त्याच्या पाया पडतो, लहानथोर पाहत नाही. पायावर डोके ठेवताना तो माउली, आणि सौद्याला बसला की गिऱ्हाईक, हे दोन हिशेब एका वहीत बसत नाहीत. एकदा माउली म्हटलेस, की कायद्यातल्या मुलीचे नाते लागले आणि मौनाची सवलत संपली.

कोणी म्हणेल, "महाराज, खरे सांगितले तर भाव पडतो." पडतो. मी खोटे कशाला सांगू? दोष सांगणाऱ्याला काही हजार कमी मिळतात, आणि शेजारचा लबाड तेवढेच अधिक घेऊन जातो. सत्याला किंमत पडते म्हणूनच ते व्रत आहे. पण उलटा हिशेबही मांडा. ते अधिकचे हजार आले कोठून? गाडी तर होती तेवढ्याच मोलाची. म्हणजे ते गाडीचे नव्हेत, घेणाऱ्याच्या अज्ञानाचे आहेत. आणि अज्ञान विकून मिळवलेले द्रव्य हे द्रव्य नव्हे, ते ऋण आहे. देहूचे तुकोबाराय धंद्याने वाणी. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली अशी परंपरा आहे. त्यांनी आपले येणे सोडले. आपण निदान दुसऱ्याचे उचलू नये.

घेणाऱ्यालाही दोन शब्द. चमक मागणारा असतो म्हणून चमक विकली जाते. गाडी भर उन्हात, धुऊन घेऊन पाहावी. सायंकाळी दिव्याखाली पाहू नये. दारावर बोटाच्या पेराने वाजवावे. जाड पुट्टी भरलेल्या ठिकाणी आवाज बद्द येतो आणि लोहचुंबक नीट धरत नाही. गोरोबाकाकांनी दुसरे काय केले? थापटणे घेऊन संतमंडळीची मडकी वाजवून पाहिली आणि नामदेवरायांचे मडके कच्चे ठरले. नामदेवरायांना दुःख झाले. पण त्यांनी कच्च्या मडक्याला रंग दिला नाही. ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि भाजून पक्के होऊन आले. दोष कळल्यावर झाकणारे पुष्कळ. भट्टीत जाणारा नामदेव एखादा.

शेवटी आपल्या घरची गोष्ट. पॉलिशाहून अधिक फसविणारी एक वस्तू आपल्यापाशी आहे. ती म्हणजे आपल्या गळ्यातली तुळशीची माळ आणि कपाळावरचा बुक्का. "माळकरी माणूस आहे, खोटे बोलायचा नाही," असे म्हणून खेड्यातला मनुष्य बॉनेट न उघडता पैसे मोजतो. त्या क्षणी माळ दागिना राहत नाही. ती जामीन होते. अशा वेळी चरा लपविला तर मोटारीला पॉलिश लागले डबीतले, आणि आपल्याला लागले पांडुरंगाच्या नावाचे. मोटारीचे चार धुण्यांत उतरेल. हे दुसरे उतरेल तेव्हा केवळ आपली अब्रू जाणार नाही. पुढच्या माळकऱ्यावरचा विश्वासही जाईल.

तात्पर्य, त्या तरुणाला जे सांगितले तेच सर्वांना सांगतो. बाबा, गाडी खुशाल धू. वरवरचे ओरखडे खुशाल घासून काढ. पण जे घासून जात नाही, ते भरून झाकू नकोस. गिऱ्हाईक आले, की भाव सांगण्याच्या आधी आपल्या हाताने चऱ्यावर बोट ठेव: हा येथे लागला, हे दार बदलले, येथे गंज आहे. हवे तर कागदावर लिहून दे. मग होईल तो सौदा. कमी पैसे घेऊन घरी जाशील, पण त्या गाडीत कोणी बसलेले दिसले, तर तुला रस्ता बदलावा लागणार नाही.

रामकृष्णहरी!