नदीचं देणं

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणांवर गेली. पावसाळ्यात दरवाजे उचलायचे तर हिशेब ठरलेला: आवक किती, साठा किती, खालच्या गावांना इशारा पोचला का. भोंगा वाजायचा, रजिस्टरात वेळ पडायची, दरवाजा फूटभर वर जायचा. धरण वाचवायला पाणी सोडलं, उसाला सोडलं, पिण्याला सोडलं. नदीला नदीसाठी म्हणून पाणी सोडल्याची नोंद मात्र माझ्या हातून कधी झाली नाही.

म्हणून अमेरिकेतल्या ग्लेन कॅन्यन धरणाची हकीकत वाचली, तेव्हा माझ्यातला अभियंता मागे राहिला आणि वारकरी पुढे झाला. 1963 साली कोलोरॅडो नदी तिथे अडली. वरून येणारा गाळ आणि वाळू लेक पॉवेल जलाशयात बसू लागली. खाली ग्रँड कॅन्यनमध्ये एकेकाळी तांबडी, गढूळ वाहणारी नदी नितळ आणि गारठलेली झाली. वाळू न आणणारं पाणी असलेली वाळूही ओढून नेतं. किनारे झिजले, त्यांच्या आडोशाची उथळ, उबदार, संथ जागा गेली. हंपबॅक चब हा पाठीवर कुबड असलेला तिथला मूळचा मासा आधीच गारठ्यानं बेजार होता, त्याच्या पिलांचा हा आसराही कमी झाला.

झिजलेले किनारे पुन्हा घालायला 1996 च्या मार्चअखेरीस धरणातून मुद्दाम आठवडाभर 45 हजार क्युसेकनं पाणी सोडलं. त्यातलं सुमारे 15 हजार क्युसेक वीजगृहाला वगळून, वीज न करता. टर्बाइन चुकवून पाणी सोडणं धरणावरच्या माणसाच्या किती जिवावर येतं, ते मला ठाऊक आहे. पाण्यानं वाळू उचलली आणि काठावर नवे किनारे घातले. मागाहून मोजमाप झालं तेव्हा कळलं, की त्यातली बरीच वाळू जुन्याच किनाऱ्यांची होती. तेव्हापासून शहाणपण आलं: धरणाच्या खाली येऊन मिळणारी पारिया नदी पुरेशी वाळू घेऊन आली की मगच पूर सोडायचा. 2012 पासून तशी रीतच ठरली. तरीही पुढच्या काही महिन्यांत किनारे पुन्हा झिजतातच.

नदीला असं पाणी सोडण्याला धर्म म्हणायचं का? आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितलं आहे. माझ्या मते नदीचं ऋण पितृऋणाइतकंच खरं आहे आणि ज्याचं त्याला परत देण्यात दान नाही, पुण्यही नाही. त्यातही ही फेड व्याजाचीच. मुद्दल लेक पॉवेलच्या तळाशी पडून आहे. पण व्याज भरणारा माणूस निदान कर्ज नाकारत नाही आणि मला तेवढं मोलाचं वाटतं.

देणं कुणाकुणाचं, हा प्रश्न याहून अवघड. चब वाचावा म्हणून लिटल कोलोरॅडो या उपनदीच्या संगमाजवळ बाहेरून आणलेले हजारो ट्राउट मासे पकडून मारले गेले. तिथल्या मूळनिवासी झुनी लोकांनी त्याला हरकत घेतली. त्यांच्या परंपरेत, पूर्वजांच्या प्रवासात नदी ओलांडताना हरवलेली मुलं जलचर झाली. पाण्यातला जीव त्यांचा आप्त आहे, मग तो मूळचा असो वा आणलेला. ट्राउट तिथे माणसानंच सोडला होता. आपल्या चुकीची शिक्षा माशाला का, हा झुनींच्या हरकतीतून उठणारा प्रश्न मला रास्त वाटतो. पुढे मासे जिवंत हलवण्याचा मार्ग विचारात आला, तो त्यांच्या आग्रहामुळेच.

आता आपल्याबद्दल. आषाढीला उजनी धरणातून भीमेत पाणी सोडतात, चंद्रभागेत आपलं स्नान होतं. ते पाणी आपल्यासाठी असतं. ज्या वाळवंटात संतांनी कीर्तनं केली, तिथली वाळू रात्री ट्रॅक्टर-टिप्परनं जाते. मागे राहतात खोल खड्डे. पाणी आलं की ते दिसत नाहीत आणि त्यात स्नानाला उतरलेली माणसं बुडाली आहेत. नदीची ओटी भरून नारळ वाहायचा आणि तिची वाळू विकायची, ही भक्ती नव्हे.

दिंडीप्रमुखांना माझी हात जोडून विनंती आहे: येत्या आषाढीला पाणी सोडण्याची मागणी कराल, त्याच अर्जात वाळूउपसा बंद करण्याची मागणीही लिहा, आणि खाली सगळ्या दिंडीच्या सह्या घ्या.