शेवटची गाठ

नागपूरहून काटोलला जाणाऱ्या वाटेवर एका म्हाताऱ्या माळ्याची संत्र्याची रोपवाटिका होती. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा, की कलम तयार. डोळे तो एकाच जुन्या, जातिवंत झाडाचे घेई. त्या झाडाला वडिलांनी गाठींची दोरी बांधून ठेवली होती. दर हंगामाला एक गाठ सोडायची, असा नेम होता.

एका हंगामात शेवटची गाठ सुटली. माळी हाताखालच्या पोराला म्हणाला, "आता या झाडाचा डोळा काढायचा नाही. कधीच नाही."

"पण बाबा, झाड तर हिरवंगार आहे!"

"पोट्ट्या, वय झालं त्याचं. आत कुठला रोग शिरला असेल, ते वरून दिसत नाही. डोळ्याबरोबर तो कलमात उतरतो."

काही दिवसांनी एक व्यापारी आला. "हजार कलमं द्या, दुप्पट दाम देतो." माळ्याने हात जोडले. पोराला मोह आवरला नाही. त्याने रात्री गुपचूप डोळे काढले, दुसरीकडे कलमं केली आणि विकली.

पाचव्या वर्षी त्या कलमांच्या बागा फळावर आल्या. पानं पिवळी पडली, संत्री लिंबाएवढीच राहिली. रोग शेजारच्या बागांतही शिरला. शेतकऱ्यांनी उभी झाडं उपटली.

पोरगा रडत माळ्याकडे आला. "बाबा, ते म्हातारं झाडच तोडू."

"तोडू," माळी म्हणाला, "पण त्याचा दोष नाही. ते थांबलं होतं, तू थांबू दिलं नाहीस. आता त्यात कीड घर करते आहे, म्हणून तोडायचं."

आपल्या शरीराचंही असंच आहे. पेशी विभागली, की तिच्या गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात. ती फार आखूड झाली, की पेशी विभागायची कायमची थांबते. प्रयोगशाळेत माणसाच्या सामान्य पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी १९६१ साली दाखवलं. मोठा बिघाड झाला, तर पेशी त्याआधीही थांबते. ती जिवंत राहते, पण आपला बिघाड पुढे देत नाही. न थांबता तशीच वाढत गेली, तर कर्करोग होऊ शकतो. थांबलेल्या पेशी शरीर हळूहळू काढून टाकतं, कारण त्या साचल्या तर त्रास देतात.

तात्पर्य : वेळेवर थांबतो, तोच बाग राखतो.