ताबा कोणाचा?

हल्ली आपल्या मुलीसुना, आणि काही वडील मंडळीही, कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी 'पिलाटिस'च्या वर्गाला जाऊ लागली आहेत. त्यावर घरातील जुन्या माणसांचे म्हणणे असे, की आमच्या आयांनी कोकणात जाते ओढले, उखळात भात कांडले. स्नायू कसे हलवावे हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. म्हणणे खोटे नाही. परंतु जात्यावर हात दळत असता मन ओव्यांत रमलेले असे. पिलाटिसमध्ये मनाला अशी रजा नाही. हात जेथे, तेथेच मन असावे लागते.

या पद्धतीचा जनक जोसेफ पिलाटिस 1883 साली जर्मनीतील म्योंशेनग्लाडबाख गावी जन्मला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो इंग्लंडात होता. शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्याला प्रथम लँकेस्टर येथे व नंतर आइल ऑफ मॅन बेटावरील छावणीत डांबण्यात आले. जाणेयेणे, खाणेपिणे सारे दुसऱ्याच्या हाती गेलेल्या त्या काळात त्याने आपल्या व्यायामाची घडी बसवली. 1926 साली तो जर्मनी सोडून अमेरिकेस गेला आणि न्यूयॉर्कमध्ये पत्नी क्लारा हिच्यासह 1967 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, शिकवीत राहिला. आपल्या पद्धतीला त्याने स्वतःचे नाव दिले नव्हते. तो तिला 'कंट्रॉलॉजी', म्हणजे ताब्याची विद्या, म्हणे.

हा ताबा कसा, ते 'हंड्रेड' या व्यायामात दिसते. उताणे पडून डोके व पाय उचलायचे, हात बाजूंना सरळ ठेवून थोडे खालीवर करायचे. पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर. असे दहा वेळा केले की शंभर होतात. हृदय आपल्या हुकमाने थांबत नाही, हात मात्र थांबतो. श्वास या दोहोंच्या मध्ये आहे. तो झोपेतही चालतो, आणि मनात आणले तर आपण तो लांबवूही शकतो. म्हणून मनाला शरीरात शिरण्याची वाट श्वासातून जाते.

आता खरा प्रश्न. एकाग्र मन आणि ताब्यातील स्नायू यांनी माणूस चांगला होतो काय?

याचे उत्तर जर्मनीच्याच इतिहासात शोधावे लागते. 1811 साली बर्लिनच्या हाझेनहाइडे मैदानावर फ्रीड्रिख यान याने तरुणांसाठी व्यायामाचा आखाडा उघडला. त्यातून देशभर व्यायामसंस्था निघाल्या. 1898 मध्ये बर्लिनच्या ज्यू तरुणांनीही 'बार कोख्बा' हा आपला संघ काढला. पुढे 1933 साली त्याच देशातील संस्था आपल्या ज्यू सभासदांना बाहेर काढू लागल्या. 1936 च्या जून महिन्यात ग्रेटेल बेर्गमान या ज्यू मुलीने 1.60 मीटर उंच उडी मारून जर्मन विक्रमाशी बरोबरी केली. तरी बर्लिन ऑलिम्पिकच्या तोंडावर तिला संघातून वगळण्यात आले. त्याच ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डीचे प्रात्यक्षिक केले. जगभरचे कसलेले देह एका शहरात जमले होते, आणि त्याच शहरात अन्यायाचा हुकूमही निमूटपणे पाळला जात होता. रांगेत पाय आपटणाऱ्या शिपायाचे लक्ष व स्नायू काही ढिले नसतात. फक्त त्यांचा ताबा त्याने दुसऱ्याकडे दिलेला असतो.

त्याच बर्लिनमध्ये एल्झा गिंडलर नावाची बाई वेगळे शिकवीत होती. 'असे करा' असा हुकूम सोडण्यापेक्षा, श्वास कोठे अडतो, खांदा उगाच कोठे आवळला जातो, हे ज्याचे त्यालाच शोधायला ती लावी. नाझी राजवटीत तिने छळ झालेल्या ज्यूंना मदत केली. स्वतःच्या श्वासाकडे पाहणारा प्रत्येक जण असा धैर्यवान होतो, असे आम्ही म्हणणार नाही. धैर्य निराळ्या मुशीत घडते. परंतु जो आपल्या देहातील आवळलेपण ओळखतो, त्याला आपण कोणाच्या भीतीने आवळलो आहोत हे विचारण्याची सवय तरी लागते.

आपल्याला ही गोष्ट परकी नाही. शेमा म्हणताना आपण डोळ्यांवर हात धरतो, तो मन इकडेतिकडे जाऊ नये म्हणून. ओठांना शब्द पाठ असतात, तरी मन हजर नसेल तर ती प्रार्थना पुरी झाली असे आपण मानीत नाही. देहाच्या कामालाही हाच न्याय लावायला हरकत नसावी.

तेव्हा वर्गाला जाणाऱ्यांना आम्ही एवढेच सुचवू. शिक्षिका शंभर मोजते, म्हणून शंभर करू नका. साठाव्याला मान दुखली तर डोके खाली टेका, आणि शेजारीण काय म्हणेल याची चिंता करू नका. जो योग्य वेळी थांबू शकतो, त्याच्याच हाती त्याच्या शरीराचा ताबा आहे. आणि घरातील वडीलधाऱ्यांनीही सुनेला हसू नये. जात्यावरच्या आईला दमल्यावर थांबण्याची मुभा नव्हती. सुनेला ती आहे.