आरपार दगड

गाव मोडते म्हणजे नेमके काय मोडते, आणि मोडलेले गाव पुन्हा उभे राहते ते कशाच्या बळावर, असा आजचा प्रश्न आहे. जगातले विद्वान याला ‘संस्कृतीची पुनर्रचना’ असे भारदस्त नाव देतात आणि युद्धांनी, महापुरांनी, साथींनी खचलेल्या देशांचा विचार करतात. आपल्याला तेवढे लांब जावयाचे कारण नाही. टेंभुर्णीच्या वेशीत उभे राहून मराठवाड्याकडे नजर टाकली तरी पुरे आहे.

जाफराबाद तालुक्यातल्या या गावाचे नाव एका झाडाचे आहे. टेंभुर्णीचे झाड आपण सर्वांनी पाहिलेले. पाने विडीला जातात, फळ पोरे खातात. पण या झाडाचा खरा गुण वेगळाच. त्याला तोडा, ते मुळातून फुटते. वणव्यात जाळा, काही दिवसांनी त्याच जागी तांबूस कोवळे फुटवे दिसतात. वर काहीच उरले नसताना झाड परत येते, कारण मूळ शाबूत असते. मग गावाचे मूळ कोणते? घरे? पैसा? राज्य? की आणखी काही?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट घ्या. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. चारच्या सुमारास लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, किल्लारी-सास्तूरच्या टापूत भूमी हलली. काही क्षणांत गावेच्या गावे ढिगारा झाली. हजारो माणसे अंथरुणातच गेली. ज्यांनी ते पाहिले त्यांच्यापुढे शब्द चालत नाहीत, म्हणून त्याचे वर्णन येथे करीत नाही. आपण फक्त एक गोष्ट विचारू : घरे इतकी झटकन का पडली?

जाणत्यांनी त्याचा शोध घेतला. आपली जुनी माळवदाची घरे आठवा. भिंत दोन-तीन हात रुंद, पाहणाऱ्याला वाटावे की हत्तीने धडक दिली तरी हलायची नाही. पण ती भिंत एक नसते हो! आतल्या अंगाचा एक थर, बाहेरच्या अंगाचा दुसरा थर, आणि मधल्या पोकळीत गोटे, कपच्या, माती. दोन्ही अंगांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड मात्र बहुतेक ठिकाणी नसायचा. शिवाय वर माळवदावर मातीचा जाड थर, आणि गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती. साल-दर-साल ओझे वाढतच गेलेले. भूमी हलली तशी भिंतीची दोन अंगे एकमेकांपासून सुटली, एक आत पडले, एक बाहेर, आणि वरचा सगळा भार निजलेल्या माणसांवर आला. पुढे जी घरे उभी होती त्यांच्या बळकटीचे काम शासनाने घेतले. त्यात दोन कामे मुख्य होती : माळवदावरची माती उतरवणे, आणि भिंतीत ठराविक अंतरावर भोके पाडून दोन्ही अंगे बांधणारा आरपार धोंडा बसवणे.

आता हीच गोष्ट समाजाला लावून पाहा. गाव बाहेरून पाहिले तर एक दिसते. एक वेस, एक जत्रा, एक ग्रामदैवत. पण आतून? वरची आळी एक अंग, गावकुसाबाहेरची वस्ती दुसरे अंग, आणि मधल्या पोकळीत भरलेली माती : रीतिरिवाज, मानपान, जुने हेवेदावे. वरून प्रतिष्ठेचे माळवद, त्याच्यावर दर साली नवी माती. लग्नाचा डामडौल वाढतो, सावकाराचे देणे वाढते, भाऊबंदकीचे खटले वाढतात. सुकाळात हे सगळे उभे राहते. पण दुष्काळ येतो, साथ येते, दंगा होतो, तेव्हा कळते की दोन्ही अंगांना धरणारा दगड बसवलाच नव्हता. तो दगड म्हणजे धर्म, असे संतांचे सांगणे आहे. धर्म म्हणजे गंधाचा आकार नव्हे, धर्म म्हणजे धारण करणे, धरून ठेवणे.

येथे कोणी तरी उठून विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे : “बुवा, ही भेदाची माती धर्माच्याच नावाने भरली गेली ना? मग तोच धर्म बांधणारा दगड कसा व्हायचा?” प्रश्न खरा आहे. तो टाळून पुढे गेलो तर आपले सगळे निरूपण पोकळ ठरेल. त्याचे उत्तर शोधावयाला मंगळवेढ्याला जावे लागते.

मंगळवेढ्याच्या दोन गोष्टी आपण कीर्तनात वेगवेगळ्या ऐकतो. त्या एकत्र ठेवून पाहाव्यात. पहिली चोखोबांची. १३३८ साली मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याचे काम चालू होते. वेठीला धरलेल्या मजुरांत चोखोबा होते. कूस कोसळले, मजूर गाडले गेले, चोखोबाही गेले. नामदेवराय तेथे गेले, विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून त्यांनी अस्थी ओळखल्या आणि पंढरीच्या महाद्वारापाशी समाधी दिली, अशी आपली परंपरा सांगते. आता विचार करा. ज्या गावाच्या रक्षणासाठी भिंत उभी राहात होती, त्या गावाच्या आत चोखोबांना घर नव्हते. आत राहणाऱ्यांसाठी बाहेरच्याने भिंत बांधावी आणि तिच्याखालीच त्याने मरावे! अशी भिंत पडली नसती तरी ती पडलेलीच होती.

दुसरी गोष्ट दामाजीपंतांची. पंधराव्या शतकात बेदरच्या बहामनी सत्तेचा अंमल असताना मंगळवेढ्यावर दुष्काळ पडला. कोठारात धान्य होते, पण ते बादशहाचे. दाराशी माणसे मरत होती. दामाजीपंतांनी कोठार उघडले. हुकूम मोडला, जिवावरचे संकट ओढवून घेतले, माणसे वाचवली. पुढे धान्याची किंमत बादशहाकडे कोणी भरली? कथा सांगते, विठू महाराने. देवाला रूप घ्यावयाचे होते तर त्याला सरदार होता आले असते, सावकार होता आले असते. पण ज्या मंगळवेढ्याच्या कुसाखाली चोखोबा गाडले गेले, त्याच मंगळवेढ्याचे देणे फेडावयाला देव चोखोबांच्या जातीचा होऊन आला. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या आपल्या वाडवडिलांना काय म्हणावयाचे होते, ते त्यांनी न बोलताच सांगितले आहे. भिंत बांधणारा बाहेर आणि राहणारा आत, हा भेद माणसाने केला. कोठाराचे कुलूप काढून आत-बाहेर एक करणे, हा धर्म. धर्माच्या नावाने भेद झाला हे कबूल, पण त्या भेदावर पहिला घाव घालणारे संतही धर्माच्याच बळावर उभे होते.

पैठणच्या नाथमहाराजांनी हेच केले. त्यांचा काळ १५३३ ते १५९९. देशात सत्ता बदललेल्या, मने भ्यालेली, ग्रंथांत अपपाठ शिरलेले. नाथांनी दोन कामे एकाच हाताने केली. १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करून लोकांची स्मृती परत जागेवर आणली, आणि श्राद्धाचे अन्न भुकेल्या अंत्यजांना वाढून पंगत परत जागेवर आणली. पुनर्रचनेला दोन्ही लागते. नुसता ग्रंथ शुद्ध केला आणि पंगत तशीच ठेवली, तर ते पांडित्य झाले. नुसते जेवण वाढले आणि स्मृती गमावली, तर दुसऱ्या दिवशी भूक परत उभी, आणि का वाढावयाचे हे सांगणारा कोणी नाही.

दुसरी शंका अशी : “हे सगळे ठीक, पण आता राज्य आहे, कायदा आहे. गाव उभे करणे सरकारचे काम.” यातही तथ्य आहे, आणि वारकऱ्याने ते मोकळेपणाने मानावे. १९७२ चा दुष्काळ आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. मिलो खाल्ली, सुकडीवर पोरे जगली, आणि रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडून लोकांनी दिवस काढले. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमीची योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. उपाशी माणसाला काम मागण्याचा हक्क मिळाला. भीक आणि हक्क यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दामाजीने कोठार उघडले ते एकट्याच्या पुण्याईवर, येथे कोठाराची किल्लीच कायद्याने लोकांच्या हाती दिली. याला धर्मकार्य म्हणावयाला माझी जीभ अडखळत नाही.

पण कायदा कुठवर पोचतो तेही पाहा. त्या दुष्काळात जमीनवाला आणि भूमिहीन एकाच कामावर खडी फोडत होते. भुकेने दोघांना एका रांगेत बसवले. पाऊस पडला, पिके आली, आणि २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाल्यावर याच मराठवाड्यात खेडोपाडी दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. माणसे मारली गेली. कित्येक कुटुंबे गाव सोडून गेली. खडी फोडताना शेजारी बसलेल्यांच्या घराला आग लागली तेव्हा आपल्या टाळ-मृदंगाचे गाव काय करीत होते, हा प्रश्न आपल्याला चुकवता येत नाही. काहींनी शेजाऱ्याला घरात घेतले असेल, त्यांना दंडवत. पण भिंत सुटली ती सुटलीच. नामविस्तार व्हावयाला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधे सोळा वर्षे गेली. ठराव कागदावर एका दिवसात होतो, मनात उतरावयाला पिढी लागते. ते उतरवण्याचे काम कायद्याचे नाही. ते तुमचे-माझे.

किल्लारीच्या टापूतही हाच धडा आहे. मदतीला सारा महाराष्ट्र धावला, परदेशांतून पैसा आला, बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. रस्ते रुंद, घरे पक्की. पण ही घरे ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानाने तीन मापांची झाली : अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फूट. हिशेब म्हणून समजण्यासारखे आहे. परंतु जुने अंतर नव्या नकाशातही चालत आले, ते असे. इंजिनियर घराच्या भिंतीत दगड बसवील. दोन घरांच्या मधल्या पोकळीत दगड बसवणारा इंजिनियर कुठून आणायचा?

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात तेच काम हाती घेतले. विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपास केला. स्वराज्य तीन महिन्यांवर आले होते. गुरुजींचा हिशेब सरळ होता : देश उभा करावयाचा तर आधी देवाचे दार उघडले पाहिजे. ज्या महाद्वाराच्या पायरीशी चोखोबा सहाशे वर्षे थांबले होते, ते दार उघडले. कोणाचा देव बाटला? उलट ज्या घरात सगळी लेकरे येऊ शकत नव्हती, ते घर त्या वर्षी माहेर झाले.

तात्पर्य काय? पंढरीचा देव ज्या विटेवर उभा आहे ती वीट आठवा. पुंडलिक आई-बापांची सेवा करीत होता. देव दाराशी आला. पुंडलिक उठला नाही, हाताशी होती ती वीट फेकली आणि थांबावयास सांगितले. देव रुसला नाही. तो अजून तेथेच उभा आहे. म्हणजे देवालाही उभे राहावयाला आधी कोणाची तरी सेवा चालू असावी लागते. गाव उभे करावयाचे तर त्याचीही पहिली वीट हीच.

आज मराठवाड्यात भूकंपावाचून घरे पडत आहेत. कर्जाखाली दबलेला शेतकरी एके रात्री जीव देतो, आणि सकाळी शेजाऱ्याला कळते. भिंतीला भिंत लागलेली, पण आरपार दगड नाही. म्हणून आपल्या सप्ताहाला थोडे विचारावेसे वाटते. काल्याच्या दिवशी गावातली कोणती वस्ती पंगतीला नसते, हे आपण मोजतो का? वाढणारे हात कोणाचे, आणि कोणाचे नाहीत? नापिकीच्या साली सप्ताहाच्या वर्गणीतून एखाद्या घरी बियाणे पोचले तर सप्ताह उणा होईल काय? भजन संपल्यावर चौघे टाळकरी, ज्याने महिनाभर कोणाशी बोलणे टाकले आहे त्याच्या ओट्यावर जाऊन बसतील काय? लग्नाच्या माळवदावरची एखादी पाटी माती आपल्यापासून उतरवता येईल काय? ही कामे लहान दिसतात. आरपार दगडही भिंतीत लहानच दिसतो, बाहेरून तर त्याचे फक्त तोंड दिसते.

दर वर्षी आषाढीआधी मुक्ताबाईंची पालखी बुलढाण्याकडून देऊळगाव राजामार्गे जालन्यात येते आणि पुढे बीडकडे जाते. दिंडीत चालताना पुढचा थांबला तर मागचा थांबतो, कोणी पडला तर ओळखपाळख नसताना दहा हात पुढे होतात, आणि माउली म्हणून एकमेकांच्या पाया पडताना जात कोणी विचारत नाही. कित्येक आठवडे एक अख्खे गाव रस्त्यावर चालत असते, आणि त्याला ना वेस ना कूस. असे गाव बांधता येते हे वारकऱ्याला पायांनी ठाऊक आहे. आता एवढेच करावयाचे : द्वादशीला पारणे सोडून घरी परतताना ते गाव पंढरीत ठेवून यावयाचे नाही, बरोबर आणावयाचे.

टेंभुर्णीचे झाड जळूनही फुटते, कारण त्याचे मूळ जमिनीला सोडत नाही. आपले मूळ शेजाऱ्यात आहे. ते सोडले नाही, तर कितीही मोडलो तरी फुटू.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.