"हे वाक्य तुझं आहे का?"

मार्चमधल्या एका दुपारी गाइड मॅडमनी माझ्या थिसिसच्या दुसऱ्या प्रकरणातल्या एका ओळीवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "हे वाक्य तुझं आहे का?"

"हो मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एका जुन्या पेपरचं पान उघडं होतं. वाक्य तेच, फक्त एक क्रियापद बदललेलं. ते मी कधी बदललं हेही मला आठवेना.

मी खोटं बोललो का? त्या क्षणी मला खरंच ते माझं वाटत होतं. मनात एक आणि तोंडात दुसरं असेल तर ते खोटं. माझ्या तर दोन्हीकडे एकच होतं. मग घरी जाताना बसमध्ये इतकी लाज कशाची वाटत होती?

थोडं मागे जातो. पाच वर्षं कोड लिहिल्यावर नोकरी सोडून एमटेकला आलो. पहिला महिना मी काही वाचलंच नाही, वाचायची यंत्रणा बांधली. (इंजिनिअरला पोळ्या करायला सांगा, तो आधी पोळपाट बनवायला घेईल.) पेपर ठेवायला झोटेरो, टिपणांना ऑब्सिडियन, पाठांतराला आंकी. झोटेरोमध्ये पीडीएफवर हायलाइट केलेला मजकूर टिपणात आणला की तो अवतरणचिन्हांत येतो, शेजारी लेखकाचं नाव आणि पान क्रमांक. मला ते गिचमिड वाटायचं. म्हणून मी दहा ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली: अवतरणचिन्हं काढ, कंस काढ. टिपणं एकदम स्वच्छ दिसायला लागली, जणू मीच लिहिलेली. आठ महिन्यांनी ती माझीच झाली.

आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' करतात. चूक कुणी केली हे विचारायचं नाही, यंत्रणेत फट कुठे होती ते शोधायचं. पद्धत चांगली आहे, कारण भीती गेली की माणसं खरं सांगतात. मीही तेच करून पाहिलं. दोष कुणाचा? स्क्रिप्टचा. पण स्क्रिप्ट लिहिली कुणी, वापरली कुणी, तिचा फायदा कुणाला झाला? तिन्ही ठिकाणी मीच. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला समोरचा माणूस दिसला नसेल, हे खरंच असेल. पण पेला त्यानेच उचलला होता. माझं 'हो' खोटं नसेल, पण ज्या अज्ञानातून ते आलं ते मीच तयार केलं होतं, आणि तेही फक्त टिपण देखणं दिसावं म्हणून.

नियमाने मी सुटलो होतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. सॉफ्टवेअरने माझा आकडा 7 दाखवला होता. मॅडमनी ते रिपोर्ट न बघता पकडलं. त्यांनी तो पेपर वाचला होता, आणि मी वाचलेला नव्हता, नुसता साठवला होता. माझ्यासाठी खरा मुद्दा हा आहे. मी तो पेपर समजून वाचला असता, त्याच्याशी थोडं भांडलो असतो, तर दुसऱ्याचा आवाज मला ओळखू आला असता.

प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये एक गोष्ट आहे. थ्यूथ हा देव लिपीचा शोध घेऊन राजा थामसकडे येतो. राजा म्हणतो, याने माणसांची स्मृती सुटेल, आणि ज्ञान नसताना ज्ञानी असल्याचा आव येईल. हे सांगायला प्लेटोला लिहावंच लागलं, हा विनोद जुना आहे. पण राजाला विस्मरणाची काळजी होती. मी विसरलो नव्हतो, मला चुकीचं आठवत होतं. हे जास्त वाईट, कारण विसरलेला माणूस निदान शोधायला तरी जातो.

निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाकडे सुमारे 90,000 कार्डं होती. यूट्यूबवर टिपणांचे व्हिडिओ पाहणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा पाठ असतो, मलाही होता. वाचलेल्या पुस्तकांच्या संदर्भांची कार्डं आणि स्वतःच्या विचारांची कार्डं तो वेगळी ठेवायचा, याकडे मात्र मी लक्ष दिलं नव्हतं.

स्क्रिप्ट काढून टाकली. आता पेपर वाचून झाला की पीडीएफ बंद करतो आणि काय कळलं ते माझ्या तोडक्या भाषेत लिहितो. मग पुन्हा उघडून कुठे चुकलो ते बघतो. उतारे वेगळ्या फोल्डरमध्ये, चिन्हांसकट. आठवड्याला बारा पेपर 'व्हायचे', आता चार होतात. आंकीतली तयार उचललेली कार्डंही पुसली. मॅडमना सगळं सांगितलं, स्क्रिप्टसुद्धा. त्या म्हणाल्या, "प्रकरण पुन्हा लिही."

पुन्हा लिहिताना जुनी सहाशेच्या वर टिपणं एकेक करून मूळ पेपरशी ताडून पाहिली. बहुतेकांचे मालक सापडले. एका वाक्याचा नाही. झोटेरोत शोधलं, गूगल स्कॉलरवर शोधलं, मॅडमनाही विचारलं. वाक्य चांगलं आहे, थिसिसमध्ये बसेलही. कदाचित ते माझंच असेल. गेले दोन महिने ते 'बेवारस' नावाच्या फोल्डरमध्ये पडून आहे. वापरायचा धीर होत नाही, आणि पुसवतही नाही.