रुग्णशय्येवरचा नेम

शंका : टेंभुर्णीच्या एखाद्या माळकऱ्याला छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात महिना-दीड महिना राहावे लागले, शस्त्रक्रियेपूर्वी गळ्यातली तुळशीमाळ उतरवावी लागली, गोळ्यांसाठी एकादशीलाही जेवावे लागले आणि हरिपाठ स्नानाविना झाला, तर नेम मोडला असे समजावे काय?

समाधान : तसे मुळीच समजू नये. ‘धर्मसिंधु’ हा काशीनाथ उपाध्याय यांनी पंढरपुरात 1790 च्या सुमारास सिद्ध केलेला निबंधग्रंथ, म्हणजे विखुरलेली शास्त्रवचने एकत्र करून आचाराचा निर्णय देणारा ग्रंथ होय. अशा ग्रंथांत पाणी, फळे व दूध यांच्याबरोबर औषधाचीही गणना व्रतभंग न करणाऱ्या गोष्टींत केलेली आढळते. नामस्मरणाला तर वारकरी परंपरेने स्थळकाळाची किंवा सोवळ्याची अट घातलेली नाही. उतरवलेली माळ स्वच्छ कापडात गुंडाळून सोबतच्या नातेवाइकापाशी द्यावी आणि डॉक्टरांनी होकार दिला की ती रुग्णाच्या गळ्यात पुन्हा घालावी. ऑक्सिजन चालू असलेल्या वॉर्डात उदबत्ती वा कापूर पेटवणे जिवावर बेतू शकते, म्हणून तेथे मानसपूजा करावी. गंध, फूल, नैवेद्य हे सर्व उपचार मनानेच अर्पण करण्याची ही रीत शास्त्राला पूर्वीपासून मान्य आहे.

शंका : भेटीला येणारे आप्त ‘हे पूर्वजन्मीचे भोग आहेत’ असे रुग्णाला ऐकवतात, ते उचित आहे काय?

समाधान : ते अनुचित आहे, आणि क्रूरही आहे. कर्मविचार ज्याने त्याने स्वतःचे आचरण तपासण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या खाटेशी उभे राहून त्याच्या दुखण्याचा निवाडा करण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उघडणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी समग्र वेदनेची कल्पना मांडली. शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक दुःख एकमेकांत मिसळलेले असते, असा तिचा आशय आहे. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ असे रुग्ण विचारतो तेव्हा ही वेदना बोलत असते, आणि तिला उत्तरापेक्षा ऐकणारा माणूस हवा असतो. विनयपिटकातील कथेत अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्षूला बुद्धांनी उपदेश करण्याआधी आनंद या आपल्या शिष्याच्या साहाय्याने स्वतः न्हाऊ घातले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

शंका : वॉर्डात भजन करावे काय?

समाधान : रुग्णाची इच्छा असेल तर हलक्या आवाजात करावे, कारण शेजारच्या खाटेवरचा रुग्ण नुकताच डोळा लागलेला किंवा अन्य धर्माचा असू शकतो. आजाऱ्याला सवलत त्याच्या धर्मातही असते. कुराणाने रुग्णाला रोजे पुढे अन्य दिवशी पूर्ण करण्याची मुभा दिली आहे, आणि उभे राहवत नसेल तर नमाज बसून किंवा पडूनही अदा करता येते. दीर्घ मुक्कामात खाटेखाली सतरंजी टाकून रात्री काढणारी पत्नी किंवा मुलगा यांचाही धीर खचतो. म्हणून गावाहून भेटीस जाणाऱ्याने शक्य तर एक रात्र स्वतः थांबावे आणि त्यांना आंघोळ, गरम जेवण व सलग झोप मिळू द्यावी.